पेन्सिल उचलायची नाही

हस्ताक्षर स्पर्धेच्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांनी शेवटचा शब्द अर्धाच सांगितला आणि ते निघून गेले, त्यामुळे माझ्या वर्गातल्या रेवा चौगुलेला पेन्सिल कागदावरून उचलता येईना. कागद संपला तरी ती लिहीत राहिली.

घडलं तसं सांगते. माझ्या आवाजात राग ऐकू आला तर तो आहे असंच समजावं. लपवायचा माझा विचार नाही.

मी तिसरीच्या मुलांना कर्सिव्ह शिकवते. म्हणजे इंग्रजी अक्षरं, चार रेघांच्या वहीत, किंचित तिरकी, एकमेकांना जोडून. लोकांना हे काम फार सोपं वाटतं. पहिले काही आठवडे तर मी मुलांच्या हातात पेन्सिलच देत नाही. ताटात रांगोळी पसरायची, बोटानं अक्षर काढायचं, ताट हलवून पुसायचं, पुन्हा काढायचं. मग पुढच्याच्या पाठीवर बोटानं लिहायचं आणि त्यानं ओळखायचं. गुदगुल्या झाल्या म्हणून हसला तो बाद. पटांगणात चुन्यानं भलंमोठं अक्षर आखायचं आणि त्याच्या कडेकडेनं एका दमात पळायचं. रेघेवर पाय पडला की आउट. शेवटी आगगाडी. प्रत्येक मूल एक अक्षर, हातात हात, आणि ज्यानं हात सोडला त्याच्यापाशी शब्द तुटला. ‘यू’ला आम्ही वाटी म्हणतो, ‘एल’ला फुगा, ‘एन’ला डोंगर. एवढं सगळं झालं की मग पेन्सिल.

पेन्सिल हातात आल्यावर कडक नियम एकच. शब्द संपेपर्यंत ती उचलायची नाही. हा नियम मी केलेला नाही, तो कर्सिव्हचाच आहे, आणि चांगला आहे. त्यात एवढंच धरून चाललेलं असतं की शब्द सांगणारा माणूस तो पुरा सांगेल. लहान मुलांसमोर उभं राहणाऱ्या मोठ्या माणसाकडून एवढी अपेक्षा जास्त नाही.

स्पर्धेला अध्यक्ष स्वतः आले. तात्यासाहेब भोईटे. त्यांच्यासाठी ऑफिसातली खुर्ची वर्गात आणली होती, तिच्यावर धुतलेला टॉवेल टाकला होता. बाकीचे शब्द मी सांगितले. शेवटचा मात्र आपण सांगणार, असं तात्यासाहेब म्हणाले. आशीर्वाद म्हणून.

ते उठले, कुडत्याची बाही सारखी केली. मुलांनी पेन्सिली टेकवल्या.

“अन्,” तात्यासाहेब म्हणाले, आणि त्यांचा फोन वाजला.

ते फोनवर बोलत गॅलरीत गेले, गॅलरीतून जिन्यात, जिन्यातून गाडीत. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा माझा सगळा वर्ग पेन्सिली टेकवून बसला होता, आणि रेवा एक वाटी आणि एक डोंगर काढून पुढच्या अक्षराची वाट पाहत होती.

काही मुलं लगेच सुटली. एकाला ‘अँड’ ऐकू आलं होतं, त्यानं तो लिहिला, टिंब दिलं आणि पेन्सिल कंपासपेटीत टाकली. एकीला ‘अँट’ ऐकू आलं होतं. मागच्या बाकांवरच्या मुलांना काहीच ऐकू आलं नव्हतं, त्यांनी एकमेकांचं बघून काहीतरी पुरं केलं. ज्यांनी नीट ऐकलं नव्हतं ते सगळे हात धुवून खिचडीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. नीट ऐकलं होतं फक्त रेवानं.

“बाई, पुढे काय?” तिनं विचारलं. तिचा हात थांबला नव्हता. डोंगराला डोंगर लागत चालला होता.

“अंकल असेल,” मी म्हणाले. “अंकल लिही आणि सोड.”

“सर अंकल नाही म्हणाले. अन् म्हणाले.”

मी फळ्यावर ‘अंकल’ लिहून दाखवला. त्यातलं ‘यू’ आणि ‘एन’ फळ्यावर राहिलं, पुढची अक्षरं खडूची पूड होऊन खाली पडली. मी ‘अंडर’ लिहिला. तोही तिथेच तुटला. तेवढ्यात रेवाची ओळ कागदाच्या कडेला पोचली, कडेवरून बाकावर उतरली, आणि रेवा बाकावरून खाली उतरून तिच्यामागे निघाली.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. ढवळे सर माणूस म्हणून वाईट नाहीत. मुलांना मारत नाहीत, गॅदरिंगला स्वतः पडदा ओढतात.

“सर, तात्यासाहेबांचा शब्द अर्धा राहिला. मुलगी अडकली आहे. तुम्ही पुरा करा.”

ढवळे सर खुर्चीतून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. “अध्यक्षांचा शब्द मी कसा पुरा करणार, खोचरे बाई?”

“तोंडानं.”

“तसं नसतं हो. उद्या त्यांना दुसराच म्हणायचा असला तर? माझी निवृत्ती जवळ आली आहे.” मग दाराकडे बघून म्हणाले, “अक्षर चांगलं येतंय ना?”

रेघ तेव्हा त्यांच्या दारासमोरून चालली होती. गॅलरीच्या फरशीवर एकसारखे डोंगर, एकाच उंचीचे, एकाच तिरकसपणाचे. मी इतकी वर्षं शिकवते, इतकं चांगलं अक्षर मी पाहिलेलं नाही.

“सुरेख,” ढवळे सर म्हणाले आणि पाय वर घेतले.

शाळा सुटायच्या आत रेघ फाटकाबाहेर पडली. रेवा वाकून चालत होती, उजवा हात जमिनीला, डावा हात गुडघ्यावर. डांबरावर पेन्सिल उठत नाही असं कुणी म्हणालं, पण उठत होती. रेघ मेडिकलसमोरून गेली, बँकेसमोरून गेली, आणि आठवडी बाजाराच्या कोपऱ्यावर रेवाची आई भाजक्या शेंगा विकायला बसते तिथे पोचली.

शोभा चौगुले घमेल्यातल्या वाळूत शेंगा परतत होती. पोरगी रस्त्यावर लिहीत येते आहे हे तिनं पाहिलं, हातातला झारा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

“काय झालं वो बाई? हिनं काय केलं?”

“हिनं काही केलं नाही,” मी म्हणाले. “अध्यक्षांनी शब्द अर्धा सोडला.”

“मग पुरा कोण करणार?”

त्या दिवसात हा साधा प्रश्न मला विचारणारी ती एकटी. बाकी सगळ्यांनी अक्षराचं कौतुक केलं.

कौतुकाचा प्रकार असा. माझ्याच मुलांनी घरी जाऊन सांगितलं की रेघेवर पाय पडला की आउट. आया रेघ चुकवून चालू लागल्या. मग बाप. मग नगरपालिकेनं खांबाखांबाला पाट्या लावल्या, अक्षर ओलांडू नये. ज्यांचं घर रेघेच्या एका बाजूला आणि दुकान दुसऱ्या बाजूला, ते रेघेच्या कडेनं चालत रेवाला गाठायचे, तिच्या पुढून वळसा घालायचे आणि पलीकडच्या बाजूनं परत यायचे. रोज वळसा मोठा होत होता. लोक घामाघूम होऊन रेवाच्या पुढून जायचे आणि जाताना म्हणायचे, “शाब्बास बाळ.” कुणी असं म्हणालं नाही की हिला थांबवा. स्टँडसमोर मोठा फ्लेक्स लागला. त्यावर रेवाचा फोटो तिकिटाएवढा होता आणि तात्यासाहेबांचा बाकी सगळा. खाली लिहिलं होतं, प्रेरणा.

मी त्या फ्लेक्सखालून रेघ ओलांडली. पायरी चढावी तशी सरळ. मला कुणी अडवलं नाही, पण साडीच्या काठाला शिशाचा रंग लागला आणि धुवून निघाला नाही.

रेवाची व्यवस्था तिच्या आईनं लावली. शेंगांचं घमेलं शेजारणीकडे दिलं आणि ती लेकीबरोबर चालायला लागली. पोळीची गुंडाळी करून डाव्या हातात द्यायची. बाटली तोंडाला लावायची. रेवाला झोप लागली की हात आपोआप लिहीत राहायचा; तेव्हा शोभा तिला पोटाशी धरून, वाकून, डोंगराच्या वेगानं पुढे सरकायची. मी शाळा सुटली की जायचे. वर्गात शिकवत असताना मला बाहेरची खरखर ऐकू यायची, रेघ गावाच्या दुसऱ्या टोकाला असली तरी.

एका दुपारी शोभानं मला बाजूला घेतलं.

“बाई, हिचा फ्राक लांब कसा झाला वो?”

मी पाहिलं. गणवेशाचा फ्रॉक पूर्वी गुडघ्याला होता, तो आता घोट्यापर्यंत आला होता. बाही कोपराखाली उतरली होती. फ्रॉक वाढला नव्हता. मी पेन्सिलीकडे पाहिलं. एवढा गाव लिहून झाला तरी ती तेवढीच होती, नवीकोरी, मागचा खोडरबरसुद्धा न झिजलेला.

पेन्सिल संपत नव्हती. रेवा संपत होती.

“बूट बी सैल झालेत,” शोभा म्हणाली. “काल पडले, ते मी पिशवीत टाकले.”

रेवाला मी म्हणाले, “रेवा, उचल पेन्सिल. मी सांगते म्हणून उचल.”

“शब्द अर्धा राहील, बाई.”

“राहू दे.”

“तुम्हीच म्हणता, अर्ध्यावर सोडायचं नाही.” ती माझ्याकडे न बघता बोलत होती, कारण बघितलं असतं तर डोंगर वाकडा झाला असता. “सर आले की पुढचं अक्षर सांगतील. मग मी पटकन संपवीन.”

तिचा विश्वास होता. मला राग आला तो त्यामुळे. आळशी मुलं, खोटी मुलं, कॉपी करणारी मुलं दुपारीच सुटून खिचडी खाऊन घरी गेली होती, आणि हे पोर विश्वास ठेवल्याबद्दल वीतवीत झिजत होतं.

मी तात्यासाहेबांच्या बंगल्यावर गेले.

खाली त्यांचं ऑफिस आहे. बाहेरच्या खोलीत माणसं बसली नव्हती, उभी होती. एका म्हाताऱ्यानं दोन्ही हात जोडून पुढे धरले होते. तो आमच्याच संस्थेत शिपाई होता. तात्यासाहेब त्याला म्हणाले होते, “तुमची पेन्शन मी स्वतः मं,” आणि आत गेले होते. तेव्हापासून त्याला हात खाली घेता येत नव्हते. खिडकीशी एक तरुण मुलगी उभी होती, बी.एड. झालेली. तिला ते म्हणाले होते, “तुमची ऑर्डर का.” काढतो म्हणायचं होतं की काढणार नाही, हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिचा चेहरा अर्धा हसरा राहिला होता. अशा उभ्या माणसांच्या पायाखालच्या फरश्या झिजून खोलगट झाल्या होत्या.

मगदूम म्हणून तात्यासाहेबांचे स्वीय सहायक आहेत. त्यांनी मला कुठे उभं राहायचं ती फरशी दाखवली.

“मी उभी राहायला आलेली नाही,” मी म्हणाले. “साहेबांनी शब्द पुरा करायला हवा.”

“साहेब अर्धंच बोलतात, बाई,” मगदूम म्हणाले. “बाकीचं आम्ही समजून घेतो. तुम्हीही समजून घ्या.”

“आठ वर्षांच्या मुलीनं काय समजून घ्यायचं?”

मगदूमनी पुन्हा तीच फरशी दाखवली. मी त्यांच्या बाजूनं आत गेले.

तात्यासाहेब मोठ्या टेबलामागे बसले होते. त्यांनी मला ओळखलं, बसा म्हणाले, चहा सांगितला. वागायला ते अतिशय सभ्य आहेत.

“काय म्हणालो होतो मी?”

“अन्.”

“अन् काय?”

“तेच विचारायला आले.”

त्यांनी छताकडे पाहिलं. पंखा फिरत होता. “आठवत नाही. मुलगी कुठे चुकतेय का?”

“नाही.”

“अक्षर बिघडलंय?”

“नाही. मुलगी कमी होतेय.”

“कमी? कशात, गणितात?”

“उंचीत.”

त्यांनी बेल दाबली. मगदूम दारात आले. “पोषण आहार नीट द्या म्हणावं,” तात्यासाहेब म्हणाले. मगदूमनी मान डोलावली आणि गेले.

“आहाराचा प्रश्न नाही,” मी म्हणाले. “कुठलाही शब्द सांगा. अंडर म्हणा, अंकल म्हणा, अंटिल म्हणा. तुमच्या तोंडून आला की तिचा हात सुटेल.”

“असा कसा कुठलाही? अंडर म्हणजे खाली. लोक विचारतील, खाली कोण? अंकल म्हटलं तर कोण अंकल? अनहॅपी म्हटलं तर संपलंच. संस्थेची निवडणूक तोंडावर आहे, बाई. अध्यक्षाच्या शब्दाला वजन असतं, तो विचार करून द्यावा लागतो.”

“मग सुरू कशाला केलात?”

तात्यासाहेबांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्यांना आश्चर्य वाटलं होतं.

“तुम्ही फार तळमळीच्या शिक्षि,” ते म्हणाले, आणि समोरचा कागद उचलून वाचायला लागले.

उरलेलं अक्षर घ्यायला मी थांबले नाही. दारातून बाहेर पडताना पदर कशात तरी अडकल्यासारखा मागे ओढला गेला, तो मी हिसडून सोडवला. बाहेरच्या खोलीतली माणसं माझ्याकडे बघत होती. म्हाताऱ्यानं जोडलेले हात माझ्याकडे वळवले.

रेवा तेव्हा गावाबाहेर पडली होती. कारखान्याच्या रस्त्यावर, उसाच्या दोन फडांमध्ये, डांबराच्या मधोमध. लांबून मला वाटलं की शोभा एकटीच चालली आहे. जवळ गेल्यावर रेवा दिसली. ती बालवाडीतल्या मुलाएवढी झाली होती. फ्रॉक शोभानं कंबरेशी दुमडून नाडीनं बांधला होता. केसांचा काळा रंग उतरून राखाडी झाला होता. हात मात्र तसाच चालत होता, आणि डोंगर तसेच सुरेख होते, फक्त लहान.

“दिला का शब्द?” शोभानं विचारलं.

“नाही.”

“का?”

“विचार करून देणार आहेत.”

शोभा थुंकली. उसात.

मी रस्त्यावर बसले. वर्गात एखाद्याला अक्षर जमत नसलं की मी त्याच्या मागे बसते, त्याच्या हातावर माझा हात ठेवते आणि आम्ही दोघं मिळून गिरवतो. तशी मी रेवाच्या मागे बसले आणि हातावर हात ठेवला. तिचा हात इतका लहान झाला होता की माझ्या मुठीत दिसेनासा झाला. आम्ही एक डोंगर मिळून काढला, दुसरा काढला.

“रेवा,” मी म्हणाले, “नियम काय आहे?”

“पेन्सिल उचलायची नाही.”

“आपण उचलत नाही आहोत. ती जमिनीलाच आहे. कुणी धरायची याबद्दल नियमात काही आहे का?”

ती विचार करत चार-दोन डोंगर पुढे गेली. खोटं तिला चाललं नसतं. मी तिला घाई केली नाही.

“नाही,” ती म्हणाली.

“मग करंगळी काढ.”

तिनं करंगळी काढली. मग तिच्या शेजारचं बोट. मधलं बोट निघायला वेळ लागला, त्याला पेन्सिलीचा खळगा पडला होता. मग तर्जनी. शेवटी अंगठा. पेन्सिल माझ्या हातात आली आणि माझ्या हातानं पुढचा डोंगर काढला, मी न सांगता. शोभानं रेवाला उचललं आणि रस्त्याच्या कडेला नेलं. तिथे बसून ती तिची बोटं एकेक करून चोळत होती आणि मोठमोठ्यानं तात्यासाहेबांच्या घराण्याचा उद्धार करत होती. मी ते शब्द इथे लिहीत नाही. पण तिनं एकही अर्धा सोडला नाही.

मी रेघ वळवली.

ढवळे सर स्कूटरवर आले तेव्हा मी उसाच्या बांधाला वळसा घालून गावाकडे तोंड केलं होतं. ते रेघेपलीकडे थांबले.

“बाई, उजवीकडे जायचं! इंग्रजी उजवीकडे जातं!”

“उजवीकडेच जातेय, सर. उजवीकडे वळत वळत.”

“कुठे निघालात?”

“शब्द आणायला.”

त्यांनी स्कूटर बंद केली. मला वाटलं ते उतरतील. ते स्कूटर हातानं ढकलत, रेघेच्या त्या बाजूनं, बराच वेळ माझ्याबरोबर चालले. मग त्यांना काहीतरी काम आठवलं.

लिहिताना माणूस कसा संपतो ते मला तेव्हा कळलं. दुखत नाही. प्रत्येक डोंगरागणिक टाचांतून काहीतरी वर येतं, दंडातून उतरतं आणि रस्त्यावर राहतं. साडी आधी घोट्यावर आली, मग पायांत येऊ लागली. शोभा रेवाला कडेवर घेऊन माझ्या शेजारून चालत होती.

“बाई, थोडं मला द्या,” ती म्हणाली.

“तुम्हाला कर्सिव्ह येतं?”

“डोंगरच हायत न्हवं नुसते. इतके दिवस बघतीया.”

आम्ही बोटं बदलली. शोभानं स्टँडपर्यंत लिहिलं. तिचे डोंगर थोडे ओबडधोबड होते, पण जोडलेले होते. फ्लेक्सच्या बांबूला तिनं मुद्दाम दोन वळसे घातले. तिचं पोलकं खांद्यावरून उतरायला लागलं तेव्हा मी पेन्सिल परत घेतली.

“बाई,” रेवा आईच्या कडेवरून म्हणाली, “तुमचा एन सरळ व्हायला लागलाय. तिरका काढा.”

मी तिरका काढला.

लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते. आता कुणी शाब्बास म्हणत नव्हतं. लहान मुलाला शाब्बास म्हणणं सोपं असतं. माझ्या वर्गातली काही मुलं दिसली. एकानं हात पुढे केला, मी त्याला डोळ्यांनीच नको म्हणाले. त्यांच्यातलं काही मला रस्त्यावर पडायला नको होतं.

बंगल्याचं फाटक उघडंच होतं. पायऱ्या मला आता उंच पडत होत्या. प्रत्येक पायरीवर आधी रेघ चढायची, मग मी गुडघा टेकून चढायचे. शोभा आणि रेवा पायरीखाली थांबल्या. बाहेरच्या खोलीत रेघ माणसांच्या पायांमधून गेली. बी.एड. झालेल्या मुलीनं पाय उचलून वाट दिली. आपण हललो हे तिच्या नंतर लक्षात आलं. तिनं दुसराही पाय उचलला आणि दोन्ही पायांकडे बघत राहिली.

“अपॉइंटमेंट?” मगदूम वरून म्हणाले. मी त्यांच्या बेल्टाला लागत होते.

मी लिहीत आत गेले.

तात्यासाहेबांनी टेबलाच्या पलीकडे वाकून पाहिलं. माझी हनुवटी टेबलाच्या काचेला लागत होती. साडी सगळी पायांभोवती गोळा झाली होती.

“कुठली गं तू?” ते प्रेमानं म्हणाले. “कितवीला आहेस?”

“तिसरीला,” मी म्हणाले, “शिकवते.”

रेघ टेबलाच्या पायावरून काचेवर आली. काचेखाली मोठमोठ्या माणसांबरोबरचे त्यांचे फोटो होते, त्यांच्या चेहऱ्यांवरून गेली. पेन्सिल त्यांच्या बोटांना लागली. त्यांनी हात मागे घेतला नाही. अक्षर ओलांडू नये अशी पाटी त्यांच्याच सांगण्यावरून लागली होती आणि हात काढायचा तर रेघ ओलांडावी लागली असती. डोंगर मनगटावर चढले, घड्याळाच्या पट्ट्यावरून बाहीवर गेले. इस्त्रीच्या पांढऱ्या कापडावर शिसं फार छान उठतं.

दंडाच्या वर माझा हात पोचेना. मगदूमनी कोपऱ्यातलं स्टूल आणून दिलं. साहेबांच्या मांडीवर उभं राहणं बरं दिसलं नसतं.

“सांगा,” मी म्हणाले.

तात्यासाहेबांनी मोकळा हात वर करून, विचार चालू आहे, अशी खूण केली. दाढी करून घेताना माणूस बसतो तसे ते मान वर करून, ओठ मिटून, स्तब्ध बसले होते. रेघ खांद्यावरून गळ्यावर आली. गळ्यावरून हनुवटीवर. मी पुन्हा एकदा म्हणाले, “सांगा.” बाहेर रेवा तिच्या बारीक आवाजात आईला काहीतरी विचारत होती.

पेन्सिल त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्याशी पोचली. डोंगर वरच्या ओठावर चढला, खालच्या ओठावर उतरला, पुन्हा वरच्यावर चढला. टाके घातल्यासारखे, एकसारखे, बारीक, जवळजवळ. मी हात सैल सोडला होता आणि तिरकेपणा सांभाळत होते.

अर्ध्याच्या पुढे गेले तेव्हा त्यांच्या भुवया एकदम वर गेल्या. शब्द आठवला होता. डोळ्यांत इतका स्पष्ट दिसत होता की मी जवळजवळ वाचलाच. त्यांनी तोंड उघडायला घेतलं, गाल फुगले, गळ्याची शीर हलली, आणि ओठ हलले नाहीत. पेन्सिल दुसऱ्या कोपऱ्यातून बाहेर पडून गालावरून कानाकडे निघाली होती, आणि स्टूल मला पुरत नव्हतं.